वारा नव्हता

तलावाच्या पाळीवर, तिसऱ्या सिंदीखाली
मोबाइलला दोन काड्या मिळतात.
तिथं बसून मी अर्ज भरते आहे.
नाव : मृणाली कापगते. उड्डाणाचे तास : दोनशे सहा.
उंची, वजन, डोळे, सगळं नीट.
मग येतो बाविसावा प्रश्न :
आपल्या हातून कधी अपघात किंवा घटना घडली आहे का?
हो किंवा नाही. मधे काहीच नाही.

हो.
हे सोपं होतं. शाळेच्या दप्तरी नोंद आहेच,
लपवलं असतं तरी धानाच्या कोठीत मेलेल्या उंदरासारखं
वासानं निघालं असतं.
खाली चौकट. तपशील, पाचशे अक्षरांत.

तपशील असा, की त्या सकाळी मी उंच होते आणि वेगात होते,
आणि धावपट्टी समोर एखाद्या बांधीएवढी आखूड दिसत होती.
अशा वेळी काय करायचं ते पहिल्याच महिन्यात शिकवतात :
पॉवर दे, नाक वर घे, जा, फिरून परत ये.
कुणी हसत नाही. थोडं इंधन जळतं, बस.
पण खाली हँगरच्या सावलीत बॅचमधली पाच पोरं उभी होती
आणि अख्ख्या बॅचमध्ये तलावाकडून आलेली मी एकटी.
मी उतरवलं.
विमान उसळलं. परत उसळलं.
तिसऱ्यांदा पुढचं चाक वाकलं, पात्याचं टोक डांबराला लागलं.
तो आवाज पाचशे अक्षरांत बसत नाही.

कॅप्टन कुरियन धावत आले. आधी विचारलं, लागलं का?
मग विचारलं, काय झालं?
आणि माझ्या तोंडातून वारा निघाला.
'सर, अचानक झोत आला.'
त्यांनी एकदा खांबाकडे पाहिलं.
वाऱ्याची ती नारिंगी पिशवी
दोरीवर वाळणाऱ्या पायमोज्यासारखी सरळ खाली लोंबत होती.
ते काही बोलले नाहीत.
अहवालात लिहिलं : वाऱ्याचा झोत, विद्यार्थिनीच्या सांगण्यानुसार.

शेवटचे दोन शब्द त्यांनी का जोडले,
तीन वर्षं झाली, मी विचारलेलं नाही.

उपकेंद्र बंद करून आई पाळीवरूनच घरी येते,
खांद्याला लसीचा निळा डबा.
'भरलं का वो फारम?'
मी सांगते. पहिल्यांदाच सगळं, वाऱ्यासकट.
ती दगडावर बसते, चपलेतला खडा काढते.
म्हणते, 'अकरा सालची गोष्ट. माह्या हातून डब्बा उघडा राह्यला,
चाळीस डोस गेले. मी रजिस्टरात तसंच लिवलं.
दोन सालं इन्क्रिमेंट बंद होतं.
बाजूच्या गावच्या शिस्टरनं तेच केलं
अन् लाइट गेली म्हनून लिवलं. आता ते सुपरवायझर हाय.'

मी पुढच्या वाक्याची वाट पाहते,
ज्यात आई मला काही तरी शिकवेल.
'लाखोरीचं वरन केलं हाय,' ती म्हणते, 'थंडं होईल,'
आणि डबा सावरत उतारानं निघून जाते.

पलीकडच्या बांधीत सारस उतरायला येतो.
पाय खाली सोडतो, काही तरी जमत नाही,
पंख मारून वर जातो, मोठा फेरा घेतो, परत येतो.
पाच म्हशी बघत होत्या.
त्याला काहीच वाटलं नाही.

मी लिहिते : उंच होते. वेगात होते. फिरून यायला हवं होतं,
आले नाही, कारण बघणारे होते.
अहवालात वारा लिहिला आहे. तो मी सांगितला होता.
वारा नव्हता.

पुष्कळ अक्षरं उरतात. ती तशीच ठेवते.
'सादर करा'वर बोट दाबते आणि दोनातली एक काडी जाते.
पडद्यावर गोल फिरत राहतो.
मी पाळीवर उभी राहते, हात जमेल तेवढा वर करते,
मग सिंदीला टेकून, टाचा उचलून
अजून थोडा.